पहिली पसंती

निंबेवाडी गावात दिगंबरराव नावाचे एक कंपाउंडर होते. डॉक्टरांच्या हाताखाली गोळ्यांच्या पुड्या बांधण्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. आपल्या एकुलत्या एक लेकीनं, शरयूनं, औषधनिर्माणशास्त्र शिकावं असं त्यांच्या फार मनात होतं. शरयूला मात्र दगडमातीचं वेड. गावात कुठं विहीर खोदायला घेतली की ही काठावर हजर. कितव्या हातावर मुरूम लागला, कितव्या हातावर काळा पाषाण, सगळं वहीत उतरवून ठेवायची.

बारावीनंतर तिनं विद्यापीठाच्या अर्जासाठी विषयांचा क्रम कागदावर लिहून काढला. पहिलं भूगर्भशास्त्र, दुसरं औषधनिर्माणशास्त्र. तेवढ्यात आजोळी आजी आजारी पडली आणि मायलेकींना तिकडं जावं लागलं. निघताना कागद वडिलांच्या हाती देत शरयू म्हणाली, "बाबा, शुक्रवारी शेवटचा दिवस आहे. पाचच्या आत तेवढा अर्ज भरा."

शुक्रवारी सकाळी दिगंबरराव संगणक केंद्रात गेले. केंद्र चालवणाऱ्या रुक्सानानं विचारलं, "काका, पहिली पसंती कोणती?"

कागद खिशातच होता. तो न काढताच ते म्हणाले, "औषधनिर्माणशास्त्र. दुसरी भूगर्भशास्त्र." आपण पोरीचं भलंच करतोय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

दवाखाना आटोपून घरी जेवायला बसेपर्यंत तीन वाजले. इतक्यात शरयूचा फोन आला. आता ही अर्जाचं विचारणार, म्हणून त्यांनी मनात उत्तर जुळवलं. पण ती म्हणाली, "आजीला उतार आहे. तुम्ही वेळेवर जेवता ना?" अर्जाचा तिनं विषयही काढला नाही. बाबांवर सोपवलं म्हणजे झालंच, असं ती धरून चालली होती.

दिगंबररावांनी ताट झाकलं, पायात चपला सरकवल्या आणि ते तडक केंद्रात गेले.

"क्रम अजून बदलता येईल का गं?"

"पाचपर्यंत येतो, काका."

या वेळी त्यांनी खिशातला कागद तिच्यापुढं ठेवला.

रविवारी मायलेकी परतल्या. दिगंबररावांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. शरयू म्हणाली, "सांगितलं नसतंत, तर मला कळलंही नसतं."

"म्हणूनच सांगितलं," ते म्हणाले.

शरयूला भूगर्भशास्त्राला प्रवेश मिळाला. दिवाळीच्या सुट्टीत ती पिशवीभर दगड घेऊन आली. दिगंबरराव एकेक दगड हातात घेऊन त्याचं नाव विचारत राहिले. नावं काही त्यांच्या ध्यानात राहत नव्हती. पण सांगताना लेकीचा चेहरा असा खुलायचा, की प्रत्येक दगडाचं नाव त्यांनी दोन-दोनदा विचारलं.

तात्पर्य: मुलांनी काय शिकायचं ते मुलांना ठरवू द्यावं, आणि त्यांनी विश्वासानं एखादं काम आपल्यावर सोपवलं, तर ते त्यांच्याच इच्छेप्रमाणे पार पाडावं.