आवळा घेऊन पळालेला ससा

माणसांनी मैदानं आखली, त्याच्या कितीतरी आधी रानात एक खेळ चालायचा. तोंडात आवळा धरायचा आणि समोरच्या कळपाला चुकवून पलीकडचा वड गाठायचा. जिंकेल त्या कळपाला उन्हाळाभर डोहाचं पाणी!

त्या दिवशी कोल्ह्यांनी वाट पार बुजवून टाकली होती. भुंडेदादा नावाच्या रानडुकराने मुसंडी मारली, जरा फट पडली, आणि त्याच्याच कळपातला पिटुक ससा तिच्यातून असा सुटला की बघणाऱ्यांचा श्वासच अडकला! डावीकडे हूल, उजवीकडे उडी, आणि थेट वड! डोह मिळाला!

"अगंबाई, काय पळाला गं!" टिटवी किंचाळली.

"त्यात काय? दादांनी वाट केल्यावर कासवसुद्धा पोचलं असतं," खार म्हणाली.

पिटुकला ते फार लागलं. तो धावतच भुंडेदादांकडे गेला. "दादा, तुम्ही सगळ्यांत जवळ होतात. सांगा ना त्या खारीला, कसा पळालो मी!"

दादांच्या खांद्यातून रक्त येत होतं. "मी कुठे बघितलं रे? तुझी एकही धाव मी आजवर बघितलेली नाही. माझं तोंड कोल्ह्यांकडे असतं ना!"

पिटुकचे कान पडले.

"पण एक सांगतो," दादा म्हणाले, "मागे तू असलास की मला वळून बघायची गरज वाटत नाही."