चार भोकं

मोटारी माणसांशी बोलायच्या, त्या काळातली गोष्ट. कोल्हापूरच्या एका गॅरेजात शर्यतीची लाल गाडी होती. अंगावर एक ओरखडा नाही, याचा तिला भारी तोरा.

शर्यतीच्या आदल्या दिवशी बशीरमामा मिस्त्री नवा सुरक्षापट्टा आणि ड्रिल घेऊन आले, तशी ती कळवळली. "मामा, माझ्या अंगाला चार भोकं पाडणार व्हय? त्यापेक्षा पट्टा सीटलाच बांधा की!"

पट्टा हळूच म्हणाला, "बाई, मला ज्याला बांधाल, त्याच्याएवढंच माझं बळ."

मामांनी पट्टा सीटच्या पाठीला बांधला आणि पाय रोवून हिसका दिला. सीटची पाठच मोडून त्यांच्या हातात आली.

गाडीला तिला चालवणारी वैजू आठवली. "पाडा, मामा," ती म्हणाली, "पण मला बघवणार नाही." मामांनी तिच्या दिव्यांवर फडकं टाकलं आणि मगच ड्रिल सुरू केलं.

शर्यतीत तिसऱ्या वळणावर गाडी दोनदा उलटली. वैजू पट्ट्यात उलटी लोंबकळत होती, पण धडधाकट. "लागलं का गं तुला?" तिनं गाडीलाच विचारलं.

गाडीचं सगळं अंग ठणकत होतं. ठणकत नव्हत्या त्या फक्त चार जागा.