सोनार आळीचा ओला उंबरा

अहो, पाय! पाय उचला आधी त्या दगडावरून. चपला घालून उभे राहिलात की खुशाल!

हो, उंबराच आहे तो. पुढे घर नाही, मागे घर नाही, चौकट नाही. एका बाजूला डॉक्टरांची मोटार, दुसऱ्या बाजूला कुणाचीशी स्कूटर आणि मधोमध हा दगडी उंबरा. सगळी सोनार आळी पाडून ही ‘सुवर्णरेखा हाइट्स’ उभी राहिली, तेव्हा बिल्डरनं हाही उपटायला काढला होता. आळीतल्या म्हाताऱ्या बायका मशीनसमोर फतकल मारून बसल्या, म्हणून राहिला. नव्या लोकांचा त्याच्यावर भारी राग. नेहमी ओला दिसतो म्हणून त्यांनी प्लंबर बोलावला होता, पाइप फुटलाय म्हणे! अहो पाइप कसला, पाणी आम्ही घालतो त्याच्यावर. आज मात्र आम्ही घातलेलं नाही, तरी ओला आहे. कुणी घातलं कोण जाणे. आणि तो टेम्पोवालाही मघापासून फाटक अडवून बसलाय, गिऱ्हाइकानं यायचं कुठून माझ्या फुलांना?

तर तुम्ही दोघं मोबाइलवर पेठेच्या बातम्या देता. नवरात्राचा कार्यक्रम विचारायला आलो म्हणता. कार्यक्रम तर चौकातल्या फळ्यावर खडूनं लिहिलाय, भजन कधी, भोंडला कधी, सगळं. त्यासाठी फुलवालीच्या तोंडासमोर कॅमेरा धरत नाही कुणी. तुम्हाला समई हवीय. चौकाईच्या देवळातली मोठी समई दिसेनाशी झाली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू पोरीचा फोटो सगळ्यांच्या फोनात फिरायला लागला, हातात जड पिशवी असलेला. मयूरी तिचं नाव, नांदेडकडची आहे. ती कधी येते, कधी जाते, कोण येतं तिच्याकडे, हे मी सांगावं म्हणून आलात ना? सांगेन. पण आधी ज्या दगडावर उभे होतात त्याची गोष्ट ऐका. बसा त्या पाटावर. फोन खाली ठेवा.

फार जुनी गोष्ट आहे. ही नुसती सोनारांची वस्ती होती तेव्हाची. ओळीनं दुकानं, प्रत्येकाच्या पुढे भट्टी, दिवसभर ठकठक. तेव्हा पेपर कुठला आणि फोन कुठला! बातमी म्हणजे दवंडी. आणि दवंडी म्हणजे सटवाजी.

सटवाजीच्या हलगीवर थाप पडली की भाकरी तव्यावर टाकून बाया दारात यायच्या, असं सांगतात. कुणाकडे बारसं आहे, कुणाची म्हैस सुटली, कीर्तनकार कुठून आलेत, सगळं त्याच्या तोंडून कळायचं. त्याचा एक नेम होता. दवंडीला निघण्याआधी देवळात जायचं आणि हलगी उताणी करून चौकाईच्या मांडीवर ठेवायची, मग प्रसाद म्हणून उचलायची. भक्ती दांडगी. फक्त एक खोड होती. पंचांनी सांगितलेली बातमी तो कधी तेवढीच सांगायचा नाही, पदरचं मीठमसाला लावायचा. म्हैस सुटली असेल तर कुणाच्या हलगर्जीपणानं, तेही हलगीवर वाजायचं. लोकांना तेच आवडायचं! नुसती बातमी कुणाला हवी असते? तुम्हाला तर ठाऊकच आहे.

त्या दिवसांत आळीत गोजरा नावाची बाई राहायला आली. झारेकरीण होती. म्हणजे सोनारांच्या दुकानांपुढची धूळ, राख झाडून न्यायची, पाण्यात धुवायची आणि तळाशी उरलेले सोन्याचे कण गोळा करून पोट भरायचं. तिच्या मागे कुणी नव्हतं, पुढेही कुणी नव्हतं. हा उंबरा तिच्याच खोपटाचा. पहाटे झाडू मारायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण माणसांना गप्प माणसाचा संशय फार. ही आपल्या दारची माती नेते, म्हणजे आपली बरकतच नेते की, असं कुणी म्हटलं आणि ते सगळ्यांना पटलं. पुढे पुढे बायका तिला बघितलं की गळ्यावर हात ठेवायच्या.

सटवाजीलाही ती खटकायचीच. का, तर सगळी आळी त्याची दवंडी ऐकायला धावायची आणि ही तेवढी खाली मान घालून झाडत राहायची. हिला बातमीची गरज नाही, म्हणजे हिच्याकडे आपलीच काहीतरी बातमी असणार. असं होतं बघा त्याचं डोकं.

आणि ऐन नवरात्रात चौकाईची नथ गेली. आरतीला गुरवानं देवीचं तोंड पुसायला कापड लावलं, तर नाक मोकळं! आळीच्या तोंडचं पाणी पळालं. सोनारांची देवी आणि तिलाच नथ नाही, म्हणजे अपशकून. पंच बसले. त्यांनी सटवाजीला सांगितलं ते एवढंच, की देवीची नथ दिसेनाशी झाली आहे, कुणाला सापडल्यास आणून द्यावी.

सटवाजीनं हलगी वाजवली. पंचांचं वाक्य म्हटलं. लोक बघत राहिले, त्याच्या तोंडून अजून काहीतरी यायची वाट बघत. आणि आलंच. “आळीची माती कोण उचलतं, त्याला आधी विचारा हो!” नाव घेतलं नाही त्यानं. घ्यायची गरजच काय होती?

गोजराच्या दारावरूनच गेला तो ही दवंडी देत. ती उंबऱ्यात बसून धूळ चाळत होती. त्याच्याकडे तिनं एकदा वर बघितलं, म्हणे. त्याला वाटलं, बघा, चोराच्या नजरेनं बघतेय.

मग काय व्हायचं ते झालं. माणसं तिच्या घरात शिरली. गाडगी फोडली, पांघरुणं उसवली, धुवायला ठेवलेली धूळ वाऱ्यावर उधळली. नथ मिळाली नाही, तर संशय जायला हवा होता ना? वाढला! एवढी शोधूनही सापडत नाही म्हणजे बाई पक्की आहे, असं ठरलं. विहिरीवर तिचा पोहरा कुणी पडू देईना. सोनारांनी दुकानापुढं झाडायची बंदी केली. आता तिनं खायचं काय आणि प्यायचं काय? ते कुणी विचारलं नाही. जो तो दुसऱ्याकडे बघत होता, आणि सटवाजी चौकात बसून आपल्या दवंडीची वाहवा ऐकत होता.

फक्त हलगी नीट बोलेना. थाप मारली की आत बारीक झणझण व्हायची. त्याला कातडं विकणाऱ्याचा संशय आला. मग कड बांधून देणाऱ्याचा आला. मग वाटलं, गोजरानंच करणी केली असणार. स्वतःचा संशय सोडून सगळ्यांचा आला त्याला! ओल धरली असेल म्हणून शेवटी एका दुपारी त्यानं अंगणात पालापाचोळा पेटवला आणि हलगी शेकायला घेतली. कातडं तापून ताणलं, कड आवळली, आणि टप्पकन काहीतरी राखेत पडलं.

चौकाईची नथ!

देवीच्या मांडीवर उताणी ठेवलेल्या हलगीत पडली होती ती. तार सैल झाली असेल. कातडं आणि लाकूड यांच्या सांदीत जाऊन बसली, आणि हा शहाणा तीच हलगी बडवत आळीभर चोर शोधत हिंडला.

सटवाजीनं आधी इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना. ती नथ त्याच्याकडे सापडली म्हणजे चोर तोच. त्याला बायको होती, लेकरं होती. त्यानं नथ मुठीत धरली आणि तडक गोजराच्या घराकडे निघाला. सांगणारे सांगतात की त्याला पश्चात्ताप झाला होता, माफी मागायला गेला. मला नाही बाई खात्री. देवळाकडे न जाता, पंचांकडे न जाता नथ मुठीत लपवून तिच्याकडेच का गेला? तिच्या घरातल्या एका फुटक्या गाडग्यात नथ सोडली असती की सुटला होता बेटा. काय मनात धरून गेला होता ते चौकाईलाच माहीत.

गोजरा उंबऱ्यावर चौकटीला आडवा हात लावून उभी राहिली. ओठ सुकलेले, पण नजर सरळ. त्यानं मूठ उघडली. ती नथीकडे बघून म्हणाली, “आता ही माझ्या घरात टाकायला आलास?”

त्यानं मूठ पुन्हा मिटली.

“त्या दिवशी याच दारावरून गेलास बाबा. दोन पावलं आत येऊन विचारलं असतंस, की बाई, तू घेतलीस का? मी नाही म्हटलं असतं. तुला खोटं वाटलं असतं तर वाटलं असतं. पण विचारलं असतंस. आत पाऊल टाकू नकोस आता. सांगायचं ते तिथूनच सांग, आणि जसा माझ्यावरचा आळ हलगीवर सांगितलास तसंच हेही सांग.”

आणि तिथंच, या उंबऱ्याच्या बाहेर, सटवाजीनं हलगी गळ्यात अडकवली. जन्मात पहिल्यांदा त्यानं मसाला न लावता दवंडी दिली. नथ माझ्या हलगीत होती हो, बाई निर्दोष आहे हो, आळ मी घातला हो!

माणसं जमली. आणि त्यांनी विश्वास ठेवला नाही! खोटं सांगत होता तेव्हा एका थापेत ठेवला होता. आता कुणी म्हणालं, हा तिला सामील आहे. कुणी म्हणालं, तिनं काहीतरी खायला घातलंय. कुणी नुसतंच डोळे बारीक करून उभं राहिलं. सटवाजी रडत होता आणि वाजवत होता. बोटं फुटली, कातड्यावर रक्त आलं, शेवटी कातडं मधोमध टर्रकन फाटलं. असं सांगतात की त्या फाटक्या हलगीवर त्यानं तरीही थाप मारली, आणि ती अशी घुमली की बंद देवळातली घंटा आपोआप वाजली. तेव्हा कुठं म्हाताऱ्या गुरवानं पुढं होऊन हलगी हातात घेतली, आत बोटानं चाचपलं. लाकडात नथीचा वण उमटला होता. त्यानं नथ त्या वणावर ठेवली. बरोब्बर बसली.



पंच धावत गेले आणि साडीचोळी, नारळ घेऊन आले. ज्या बायका गळ्यावर हात ठेवायच्या त्या पाण्याच्या घागरी घेऊन आल्या. गोजरानं दार लोटून घेतलं होतं. सगळी आळी बाहेर उभी. बऱ्याच वेळानं दार उघडलं. तिच्या एका हातात बोचकं होतं, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. घरात उरलेलं तेवढंच पाणी असणार. साडीला तिनं हात लावला नाही. कुणाच्या घागरीकडे बघितलं नाही. उंबऱ्यावर उभं राहून तिनं पदर झटकला, बोचकं झटकलं, आणि ते पाणी पायांवर ओतून दोन्ही तळवे चोळून चोळून धुतले. तहानलेली बाई ती! तोंडाला न लावता पाणी पायांवर ओतलं.

“बघून घ्या सगळ्यांनी,” ती म्हणाली. “तुमच्या आळीचा मातीचा कणसुद्धा नेत नाहीये.”

आणि गेली. कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही. सटवाजीनं पुन्हा हलगी चढवली नाही, ती फाटकी हलगी देवळात टांगली आहे, बघून या. मरेपर्यंत तो रोज या उंबऱ्यावर तांब्याभर पाणी घालायचा. त्याच्या मागं आळीनं घातलं. आणि तेव्हापासून इथं रिवाज पडला, की कुणाबद्दल काही बातमी असेल तर आधी या उंबऱ्यावर पाणी घालायचं, मग त्या माणसाच्या दारी जायचं, त्याला विचारायचं, आणि मगच चौकात बोलायचं. फळ्यावर लिहिणारासुद्धा पाणी घालून मग खडू उचलतो. फोनवाल्यांना कोण सांगणार? त्यांचा अंगठा उंबऱ्यावरून जातच नाही.

आता समईचं. चोरली असेल त्या पोरीनं, नसेलही. मला ठाऊक नाही आणि तुम्हालाही नाही. तिच्या पिशवीत काय होतं ते तिला विचारलंत? नाही ना? माझ्याकडे आधी आलात. हीच गोष्ट मी तिलाही सांगितली होती, राहायला आली तेव्हा. या अख्ख्या इमारतीत तिनं एकटीनंच शेवटपर्यंत ऐकली. याच पाटावर बसली होती. म्हणाली, आजी, मग गोजराला कुणी थांबवलं का नाही? मी म्हटलं, थांबवायला सगळे गेले गं, पण उशिरा.

म्हणून सांगते, आजही सोनार आळीचा हा उंबरा ओला असतो. आजही कुणी…

थांबा जरा.

आज मी पाणी घातलं नाही. फळ्यावर लिहिणाराही अजून यायचाय. हे बघा, दगडाच्या कडेला चिखल. ओला आहे. चपलेच्या तळव्याची नक्षी उमटलीय, पायही लहानसाच आहे. कुणीतरी इथं उभं राहून पाय धुतलेत, तुम्ही यायच्या जरा आधीच. आणि त्या टेम्पोत काय चढवतायत? गादी. ती पुस्तकांची खोकी… अगं बाई, ती तर तिचीच!

अहो, माझ्या तोंडाकडे काय बघताय? लिफ्टची वाट बघू नका, जिन्यानं जा. फोन राहू दे इथं माझ्यापाशी. तिसरा मजला, डाव्या हाताचं दार. वाजवा आणि विचारा. आणि नाही उघडलं तरी तिथंच उभे राहा.