हिवरमाळची आडघोंगडी

हिवरमाळला बिरोबाच्या देवळामागे दोन जुन्या बाभळी आहेत. अमावस्येला भर दुपारी त्यांच्यामध्ये काळी घोंगडी बांधलेली असते आणि तिच्याआड चुलीवर मोठा हंडा चढलेला असतो. वाडीतलं एकेक माणूस झाकलेलं भांडं घेऊन आडोशाला जातं आणि ते रिकामं करून परत येतं. आत काय घातलं, हे कुणी विचारायचं नाही. नवखा पाहुणा विचारायला लागलाच, तर पुजारी सिदूअण्णा त्याला हातानेच गप्प करतात, ओट्यावर बसवतात आणि गोजराची हकिगत सांगतात.

फार मागे, लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस चुकला होता म्हणे. बापेमाणसं मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी घाटाखाली उतरली. वाडीत उरल्या बायका, म्हातारे आणि पोरंबाळं. गोजरा अंगाने काटक, तोंडाने फटकळ. तिच्या घरात मीठ-मिरची होती, दाणा नव्हता. शेजारच्या कोंडाजीमामाकडे बाजरी होती, सरपण नव्हतं. कुणाकडे मूठभर हुलगे, कुणाकडे नुसता लसूण. घरोघरी चूल धुपायची आणि पोट कुणाचंच भरायचं नाही. शेवटी गोजराच म्हणाली, "अगं, सगळं एका हंड्यात शिजवू. सरपण वाचेल आणि तोंडाला चवही येईल."

पहिल्या दिवशी सगळे तृप्त होऊन उठले. दुसऱ्या दिवशी भांडणं सुरू झाली. कोंडाजीमामा दुसऱ्याच्या भांड्यात डोकवायचा आणि आपली बाजरी तेवढीच ओतून उरलेली घरी न्यायचा. त्याचं बघून बाकीचेही तसंच करू लागले. कुणी जास्त खाल्लं, कुणी कमी आणलं, याच्या तक्रारी ऐकून गोजराचं डोकं उठलं. हंडा रोज थोडा थोडा उणा व्हायला लागला.

वाडीत राही नावाची विधवा होती. कडेवर तान्ही मुलगी. तिच्या घरात काही म्हणजे काही नव्हतं. विहिरीच्या काठचा काटेमाठ खुडून तिने पदरातून आणला, तर कोंडाजीमामा सगळ्यांदेखत म्हणाला, "पाला घालायचा आणि भाकरी मोडायची. बरं आहे!"

राहीने ताट खाली ठेवलं आणि ती निघून गेली. पुढे ती आलीच नाही. गोजरा बघायला गेली तेव्हा राही भिंतीला टेकून बसली होती. मुलगी कोरड्या छातीशी चाचपडत होती, पण रडायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"मला भूक नाही, वैनी," राही म्हणाली.

गोजराच्या मस्तकात तिडीक गेली. तिने घरी येऊन खुंटीवरची नवऱ्याची घोंगडी ओढली आणि ती हंड्याच्या आड, देवळामागच्या दोन बाभळींना करकचून बांधली.

"आडोसा केलास तर लोक रिकामी भांडी घेऊन येतील," कोंडाजीमामा म्हणाला.

"येऊ द्या! रिकाम्या भांड्यावाल्याला भूक लागत नाही व्हय, मामा?" गोजरा कडाडली. मग बिरोबाचा भंडारा उचलून तिने शपथ घेतली, "कुणी काय आणलं, हे ज्या पंगतीत विचारलं जाईल, त्या पंगतीत मी घास खाणार नाही."

त्या दिवशी तिने राहीला हाताला धरून आणलं. पंगत बसली. कोंडाजीमामाने पहिला घास घेतला आणि सहज म्हणाला, "हुलगे कुणाचे गं आज?"

गोजराने आपलं ताट राहीपुढे सरकवलं आणि ती उपाशी उठली. दुसऱ्या दिवशी लसणावरून कुणी बोललं, ती पुन्हा उठली. त्याच्या पुढच्या दिवशी तर तिला वाढायचा डावही धरवत नव्हता. तरी ती वाढत होती आणि करवादत होती, "विचारा, अजून विचारा! मी मेले म्हणजे माझं मीठ कुठलं तेही विचारा!" कोंडाजीमामाने सवयीने तोंड उघडलं. तेवढ्यात सगळी पंगत एकदम ओरडली, "मामा, जेवा!"

मामा जेवला. गोजराही जेवली.

त्यानंतर हंडा भरायला लागला, असं सांगतात. पालाभाजी, चुलीवर भाजलेले कंद, आणायला लाज वाटायची ते सगळं लोक आणू लागले. आणि एके दिवशी आमटीला चक्क तुपाचा वास आला. लोकांनी हात जोडले, बिरोबाच तूप ओतून गेला म्हणाले. गोजरा अजूनच चिडली. "देवाला दुसरी कामं नाहीत व्हय? मडक्यात लपवलेलं तुमच्यातच कुणाच्या तरी घरचं आहे ते! बघितलं तर रोज मागतील, म्हणून भीत होती बिचारी."

ती कोण, हे मात्र तिनेही विचारलं नाही. पाऊस येईपर्यंत वाडीतलं एकही माणूस दगावलं नाही.

आजही अमावस्येला हिवरमाळला घरात चूल पेटत नाही. डाव वाडीतल्या सर्वांत थोरल्या बाईच्या हातात असतो आणि तिने प्रत्येकाला खेकसून वाढायचं असतं. एखादी म्हातारी स्वभावाने गरीब निघाली आणि गोड बोलून वाढू लागली, तर पंगत हात आखडून बसते. "आजी, आधी ओरडा," लोक म्हणतात, "मग जेवतो."