शेवरीची ओळ

एकदा एका संपन्न नगरात असा वाद पेटला, की पानाचा भाव विचारायला बाजारात गेलेला माणूसही भांडून घरी यायचा. नगर घाटमाथ्यावर वसलेलं, भोवती पानमळेच पानमळे, आणि तिथलं विड्याचं पान दूरदूरच्या राजधान्यांत जात असे. घाटाच्या पलीकडे दुसऱ्या राजाचा मुलूख होता. मुलूख दरिद्री आणि राजा त्याहून दरिद्री. तिथे दर उन्हाळ्यात तापाची साथ यायची, आणि कित्येक वर्षं या नगराच्या खर्चाने धान्याच्या नि औषधांच्या गाड्या, आणि राजाच्या दरबारासाठी रेशमी वस्त्रंही, घाट उतरून तिकडे जात होती. नवे नगरशेठ गादीवर बसले आणि त्यांनी पहिलंच फर्मान काढलं की गाड्या आजपासून बंद.

झालं! निम्मं नगर म्हणू लागलं, "आपल्याकडे गटारं तुंबलीत, आणि आपण परक्यांना काढे पाजत बसलोय." उरलेलं निम्मं म्हणू लागलं, "चालत आलेलं दान मोडलं तर जगाला तोंड कसं दाखवायचं?" दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलत होते आणि दोन्हीकडच्यांपैकी घाट उतरून पलीकडे गेलेला माणूस शोधूनही सापडला नसता. वादांचं असंच असतं. शेवटी ठरलं की परवाच्या नगरसभेत काय तो कायमचा निर्णय घ्यायचा.

नगरशेठांच्या बाजूने बोलण्यासाठी विद्याधर नावाच्या तरुण सल्लागाराची निवड झाली. विद्याधर हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की मदतीत गळती आहे, लबाडी आहे. तेव्हा आधी सगळं थांबवू, मग निवांत तपासू, आणि चुकलं असं दिसलं तर पुन्हा सुरू करू. त्यात वाईट काय? हे शेवटचं वाक्य त्याला स्वतःलाच फार आवडलं होतं.

भाषण मनात घोळवत तो वेशीपाशी आला. औषधांच्या गाड्या तिथेच अडवून ठेवल्या होत्या. बैल सोडलेले, आणि गाडीच्या सावलीत एक उतारवयाची बाई बसलेली. ती भागाबाई. घाटापलीकडचं औषधघर तीच सांभाळत असे. गाड्या आल्या नाहीत म्हणून ती चालत घाट चढून आली होती.

"बाई, तुमच्याकडचे अधिकारी आमचं धान्य बाजारात विकतात," विद्याधर म्हणाला.

"विकतात की. एकाला मीच धरला होता."

"मग?"

"मग त्याला हाकला ना, दादा. औषध कशापायी अडवता?" भागाबाईच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. "ताप उतरला म्हणजे माणूस बरा झाला असं नसतंय. पुढचं औषध चुकलं की ताप उलटतो, आणि उलटलेला ताप माणसाला घेऊन जातो. माझ्याकडं निम्मे लोक अर्ध्या औषधावर पडलेत. कायमचं मागत नाही मी. औषधाची मुळं आम्ही आमच्या रानात लावलीत, पावसाळ्यानंतर निघतील. माझ्या दोघी सुना काढा करायला शिकताहेत. तेवढ्यापुरतं थांबा."

विद्याधरला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटणं आणि कारभार या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असं त्याने नुकतंच एका ठिकाणी ठासून सांगितलं होतं. तो म्हणाला, "चुकलं असं दिसलं, तर पुन्हा सुरू करूच की."

भागाबाईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती उठून बैलांना वैरण घालायला गेली.

विद्याधर तिथून थेट आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला. सभेत उभं राहण्यापूर्वी त्यांचा आशीर्वाद घ्यायचा होता, आणि खरं सांगायचं तर थोडी शाबासकीही हवी होती. चैत्राची दुपार होती. गुरुजी त्यांच्या पानमळ्यात होते. विद्याधरने रीतीप्रमाणे वहाणा बाहेर काढल्या, कारण त्या भागात पानमळ्यात कुणी पायताण घालून जात नाही. आत पाऊल टाकताच उन्हाची तलखी निवाली. ओळीने उभी शेवरीची उंच झाडं, त्यांचा वर मिळालेला विरळ पाला, आणि एकेका खोडाला धरून चढलेली नागवेल. गुरुजी लव्हाळ्याच्या ओल्या पातीने एक वेल शेवरीला बांधत होते.

विद्याधरने सगळं भाषण म्हणून दाखवलं. गुरुजींनी शेवटपर्यंत ऐकलं.

"ऐकायला छान आहे," ते म्हणाले. "मला एक सांग, या शेवरीला विड्याचं पान येतं का?"

"नाही, गुरुजी."

"पाणी पिते?"

"पिते."

"कुणाचं पिते?"

"वेलींच्या पाटातलं. खतही त्यांचंच खाते."

"म्हणजे परकी, आणि वर फुकट खाणारी. ही पूर्वेची ओळ आजच तोडून टाक. चुकलं असं दिसलं, तर पुन्हा उभी करू."

आपलं आवडतं वाक्य गुरुजींच्या तोंडून ऐकून विद्याधर सुखावला. शिष्यांची ही जुनी खोड आहे. तरी त्याच्या मनात क्षणभर शंका आली, कारण पूर्वेची ओळ ही त्या मळ्यातली उत्तम ओळ. ग्रामदेवीचा पहिला विडा दरवर्षी तिथल्या पानांचा जात असे. पण शेवरीची छाटणी तर दरसाल होते. शिष्य असताना तो पाला त्यानेच कितीदा शेळ्यांना घातला होता. छाटणी आणि तोड यांत असा काय मोठा फरक? आणि सांगत तर खुद्द गुरुजीच होते. त्याने वेलींच्या गाठी हळूच सोडल्या, वेली जमिनीवर आडव्या ठेवल्या, आणि कोयता चालवला. सूर्य मावळायच्या आत ओळ मोकळी झाली. गुरुजी पलीकडच्या बांधावर बसून होते. त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

वेली उघड्या पडू नयेत म्हणून विद्याधरने बांबू रोवले आणि त्या नीट बांधून दिल्या. वर पाटाचं सगळं पाणी त्यांच्याकडे वळवलं. आता वाटेकरी कुणी उरला नव्हता. पाहून कुणालाही वाटलं असतं की वेलींचं भाग्य उजळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाषणावर शेवटचा हात फिरवून तो मळ्यात आला आणि जागीच थबकला. पूर्वेच्या ओळीतली पानं कडेने करपून आत वळली होती. कोवळे शेंडे तर काळे पडले होते. मुळाशी पाणी उभं होतं, खत होतं, आधाराला बांबू होता, आणि डोक्यावर चैत्राचं ऊन होतं. विद्याधर धावला. त्याने घागरीवर घागरी ओतल्या, ओली पोती आणून पसरली, स्वतःचं उपरणंसुद्धा एका वेलीवर घातलं. उपयोग काही झाला नाही. उन्हं उतरेपर्यंत ओळ गेली होती.

"गुरुजी," तो म्हणाला, "शेवरी परत लावायला हवी."

"लाव की. कालच ठरलंय आपलं." गुरुजींनी कनवटीची पुरचुंडी सोडली आणि शेवरीचं मूठभर बी त्याच्या तळहातावर ठेवलं. "हे पेर. आणि वेलींना सांग, हे उगवून तुमच्या डोक्यावर जाईपर्यंत दम धरा."

विद्याधर त्या बियांकडे बघत राहिला. त्याला भागाबाईची नजर आठवली, आणि तिने काही न बोलता वैरण का उचलली ते आत्ता कळलं. त्याचे डोळे भरून आले. "तुम्ही मला थांबवलं का नाहीत? तुम्हाला माहीत होतं. तुमची ओळ गेली."

गुरुजी त्याच्या शेजारी बसले.

"थांबवलं असतं तर तू माझं ऐकलं असतंस, आणि उद्या सभेत जाऊन तेच बोलला असतास. म्हणून ओळ दिली. आता नीट ऐक. शेवरी जशी आहे तशी जन्मभर ठेवावी, असं मी म्हणत नाही. आभाळ भरून आलं की मी स्वतः कोयता घेतो, एकेक फांदी पाहून छाटतो. गेल्या पावसाळ्यात एक झाड किडलं होतं, ते मी मुळासकट काढलं. मात्र त्याच्या शेजारी आधी दुसरं वाढवलं. तोडण्याला माझी हरकत नाही रे. भर उन्हाळ्यात, एका दिवसात, सगळी ओळ तोडायची, आणि तोडताना वर मान करून सावली कुणावर पडलीय तेही बघायचं नाही, याला कारभार म्हणत नाहीत. तू पान कोण देतं तेवढं पाहिलंस. आणि थांबवणं नि सुरू करणं ही दोन्ही कामं तुला सारख्याच मापाची वाटली. थांबवायला कोयत्याचा एक घाव पुरतो. सुरू करायला ऋतू लागतो, आणि तोवर वेल शिल्लक असावी लागते. मी म्हातारा एक ओळ गमावू शकतो. घाटाखाली माणसं आहेत."

विद्याधरने उठून करपलेल्या वेली गोळा केल्या आणि मोकळ्या जागेत शेवरीचं बी पेरलं.

सभा भरली तेव्हा त्याच्या नखांत अजून मळ्याची माती होती. नगरशेठांनी मान हलवून खूण केली. विद्याधर उभा राहिला आणि म्हणाला, "गळती आहे हे खरं आहे. धान्य विकणारा अधिकारी कोण, ते औषधघरातली भागाबाई नावानिशी सांगेल. त्याच्या हाती यापुढे एक दाणा देऊ नका. पलीकडच्या राजाच्या दरबारासाठी आपण रेशमी वस्त्रं पाठवतो, ती कायमची बंद करा. त्याने कुणाला ताप चढायचा नाही. औषधांच्या गाड्या मात्र आत्ता सोडा. पावसाळा सरला की त्यांची मुळं किती निघाली ते तिथे जाऊन पाहू आणि तेवढ्या गाड्या कमी करू."

सभेत कुजबुज झाली. नगरशेठांचा चेहरा उतरला. "परवापर्यंत तर तू सगळं एका दिवसात बंद करायला निघाला होतास."

"परवापर्यंत मी कोयता चालवला नव्हता, शेठजी," विद्याधर म्हणाला. "गुरुजींच्या पूर्वेच्या ओळीची शेवरी मी परवा तोडली."

कुणी विचारलं नाही की मग काय झालं. त्या सभेत बसलेला प्रत्येक जण पानमळ्यात लहानाचा मोठा झालेला होता, आणि चैत्रात शेवरी तोडणारा माणूस त्यांच्यापैकी कुणी जन्मात पाहिला नव्हता. नगरशेठांचा स्वतःचाही मळा होता. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त त्यांना घाईने शहाणं व्हायचं होतं.

"सगळी ओळ?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"सगळी."

"देवीच्या विड्याची?"

विद्याधरने मान खाली घातली. नगरशेठ शेजारच्या शिपायाला म्हणाले, "वेशीवर जा, गाड्या सोडायला सांग. वस्त्रांचं हा म्हणतो तसं करा."

विद्याधर शिपायाच्या आधी धावत वेशीवर पोचला. भागाबाई ऐकता ऐकताच उठली आणि तिने बैल जुंपायला घेतले. आभार मानण्यात तिने वेळ घालवला नाही. विद्याधर जू धरून तिला मदत करू लागला, आणि त्याने अखेर विचारलं. "उशीर तर नाही ना झाला?"

"कुणाकुणाला झाला असेल," भागाबाई म्हणाली. तिने ते त्याला लागावं म्हणून म्हटलं नाही, आणि लागू नये म्हणून मऊही केलं नाही. "बाकीच्यांना होऊ नये. चला, हाका."

तेव्हा विद्याधर गाडीत चढला आणि घाट उतरून पलीकडे गेला; तिकडे गेलेला तो त्या नगराचा पहिलाच सल्लागार. हात आखडता घ्यायची वेळ प्रत्येक घरावर आणि प्रत्येक राज्यावर येते. त्या वेळी हातात कोयता असणाऱ्याने आधी एकदा मान वर करून पाहावं, इतकंच या कथेचं मागणं आहे.

त्या वर्षी ग्रामदेवीचा विडा दुसऱ्या ओळीतून गेला. पावसाळ्यानंतर औषधांच्या काही गाड्या कमी झाल्या, कारण भागाबाईने स्वतःच निरोप धाडला की एवढ्या आता नकोत. गुरुजींच्या पूर्वेच्या ओळीत वेल अजून लावायची आहे. शेवरी मात्र तिथे कमरेएवढी झाली आहे, आणि विद्याधर घाटावरून परतला की आधी मळ्यात जाऊन तिला पाणी घालतो. तिला विड्याचं पान येत नाही, हे त्याला अजूनही पक्कं ठाऊक आहे.