हरिणधोंडा

फार पूर्वी शाल्वली नगरीत शतरथ राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या एका विद्वान कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव संवर. सर्व शास्त्रे शिकून तो राजाचा अमात्य झाला, आणि राजा कुठेही निघाला की बरोबर काय न्यायचे, किती न्यायचे, हे ठरवण्याचे काम त्याच्याकडे आले.

हा अमात्य मोठा स्थिरचित्त असेल असे कोणाला वाटेल. तसे नव्हते. बांधलेले गाठोडे एकदा सोडून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. एक दोर घेतला की वाटे, हा तुटला तर? दुसरा घेतला की वाटे, हा वाहणार कोण? मग तो दुसरा दोर काढून ठेवी आणि वाड्याच्या दारापर्यंत जाऊन पुन्हा परत येई. सेवक आपसांत हसत. त्यांचे हसणे त्याला ऐकू येई, आणि ते बरोबरच आहे असेही त्याला वाटे.

एका उन्हाळ्यात राजकन्येचे लग्न ठरले. व्याह्यांना आपल्या हातच्या शिकारीचे जेवण वाढीन, असा शब्द राजा देऊन बसला. अरण्यातले पाणवठे आटले होते. करंजतळे तेवढे उरले आहे आणि सगळी हरणे तिथेच गोळा झाली आहेत, अशी बातमी मृगयाप्रमुख तुंगक याने आणली. राजा खूश झाला. त्याने संवराला तयारी करायला सांगितले.

शाल्वलीच्या शिकारीची एक रीत होती. कावडीच्या पुढच्या शिंक्यात जाळी आणि भाले घालत, आणि मागच्या शिंक्यात एक धोंडा ठेवत. त्याला हरिणधोंडा म्हणत. अरण्यात शिकार मिळाली की धोंडा फेकून द्यायचा आणि त्या जागी हरीण बांधायचे. रिकाम्या शिंक्याने निघणे अशुभ मानत. त्यामुळे जेवढे धोंडे तेवढी हरणे, असा हिशेब होऊन बसला होता. मिरवणूक वेशीतून बाहेर पडताना लोक धोंड्यांकडे बोटे दाखवून जयजयकार करीत, आणि राजा ते ऐकत हत्तीवरून पुढे जाई.

संवर अंगणात धोंड्यांच्या राशीपाशी उभा होता. तिथे धान्य पाखडणारी वेणुका सूप खाली ठेवून म्हणाली, "अमात्य, यंदा किती धोंडे?"

ही बाई एका कावडवाल्याची विधवा. तिचा नवरा गेल्या उन्हाळ्यातल्या शिकारीत वाटेवरच तहानेने मेला होता.

"अजून ठरले नाही, बाई."

"त्यांच्या कावडीत सगळे होते. जाळे होते, भाला होता, धोंडा होता. पाणी तेवढे नव्हते." तिने सूप उचलले. "यंदा त्यांच्या जागी माझा भाऊ जातोय. पिंगल. म्हणून विचारले."

गेल्या वर्षीचे सामानही संवरानेच ठरवले होते. वाटेत तळे आहे, तिथे पाणी मिळेल, असे तेव्हा सगळे म्हणाले होते आणि त्याने ते मानले होते. तो आत गेला, मापे घेऊन बसला, उठला, पुन्हा बसला. पाणी जास्त घेतले तर जाळी राहतात. जाळी घेतली तर पाणी राहते. माणसाचा खांदा तर तेवढाच. शेवटी तो राजाकडे गेला आणि म्हणाला, "महाराज, यंदा दोन्ही शिंक्यांत घागरी घालू. धोंडे नकोत, जाळीही नकोत. धनुष्य पुरे."

तुंगक तिथेच होता. तो मोठ्याने हसला. "आणि तळे कशाला आहे? अमात्यांचे चालले तर हे घरची विहीरसुद्धा शिंक्यात घालून नेतील!"

"तळे असेल तर आनंदच आहे," संवर म्हणाला. "पण नसेल तर?"

"मी स्वतः पाहून आलोय."

"तुम्ही पाहिलेत त्याला किती दिवस झाले? रोज ऊन किती पडतेय? आणि तिथे किती जनावरे पीत असतील?"

तुंगक राजाकडे वळला. "महाराज, हे असेच. जेवायला बसले तरी विचारतील, घास अडकला तर?"

राजालाही हसू आले. तरी जाळ्यावाचून केवळ धनुष्याने शिकार करायची, ही गोष्ट त्याच्या अभिमानाला रुचली. तो म्हणाला, "चालेल. पण अमात्य, मी रिकाम्या हाताने परतलो आणि व्याह्यांपुढे माझी मान खाली गेली, तर?"

"तर दोष माझा."

"तर सगळ्यांत मोठा हरिणधोंडा कावडीत घालून तुम्ही नगराला फेरी मारायची. दिवसाढवळ्या. लोकांसमोर."

"मारीन, महाराज."

एवढे बोलून तो बाहेर आला, आणि आपण चुकलो तर नाही ना, या विचाराने त्याला झोप लागली नाही.

निघण्याच्या सकाळी त्याने प्रत्येक कावडीजवळ जाऊन घागरी पाहिल्या. शिंक्यांवर उन्हापासून बचावासाठी पळसाची पाने घातली होती. ती उचलून आत बघावे असे त्याच्या मनात आले. पण तुंगक शेजारी उभा राहून हसत होता, आणि संवराला स्वतःच्याच संशयाची लाज वाटली. त्याने वरवर पाहून हात मागे घेतला.

वाट लांब होती आणि ऊन कडक. दुसऱ्या दिवशी दुपारी ते करंजतळ्याशी पोहोचले.

तळे नव्हते. भेगाळलेला मोठा खड्डा होता, आणि मधोमध अंगणाएवढा चिखल. त्या चिखलात एकाच जागी, जनावरांच्या खुरांनी पडलेल्या खळग्यात, थोडे पाणी झिरपत होते. त्याच्याभोवती हरणे, रानडुकरे, एक म्हातारी नीलगाय, अशी सगळी उभी होती. एक हरिणी तोंड घालून तेवढे पाणी पिई आणि बाजूला सरे. खळगा पुन्हा भरेपर्यंत बाकीची वाट पाहत. मग दुसरे जनावर पुढे येई. माणसे आलेली त्यांना दिसत होती. एकही पळाले नाही.

राजाने धनुष्य काढले.

"सोपे काम आहे, महाराज," तुंगक कुजबुजला. "हलतसुद्धा नाहीत."

राजाने बाण लावला, पण सोडला नाही. "तुंगका, सोपे काम करायला मी एवढ्या लांब कशाला आलो?"

इकडे संवर कावडवाल्यांना पाणी वाटत होता. तो पिंगलापाशी आला आणि म्हणाला, "मागच्या शिंक्यातली घागर काढ."

पिंगलाने तुंगकाकडे पाहिले, मग खाली मान घातली. "अमात्य, मागे घागर नाही."

संवराने पाने बाजूला केली. खाली हरिणधोंडा होता. त्याने पुढची कावड पाहिली, तिच्या पुढची पाहिली. आणखीही काही कावडींत तेच होते. मनातल्या मनात त्याने पाण्याचा सगळा हिशेब पुन्हा मांडला, आणि तो जुळेना.

"हे कोणी केले?" त्याने विचारले. "तुंगक, तुम्ही?"

तुंगकाची नजर राजाकडे गेली आणि लगेच मातीत वळली.

राजाने धनुष्य खाली केले. "मी सांगितले होते," तो म्हणाला. "शकुनाशिवाय निघायला मन घेईना. थोडेसे धोंडे, पानांखाली, कोणाला कळणार नाही. मला वाटले, तुमचा हिशेब नेहमी जास्तीचाच असतो."

मग राजाने विचारले, "आता पाणी किती आहे?"

"थांबलो नाही तर पहिल्या विहिरीपर्यंत माणसांना कसेबसे पुरेल. कावडी हलक्या असतील तर. हरीण बांधले की चाल मंदावेल, वाटेत मुक्काम पडेल, आणि मुक्कामाला पाणी नाही."

"मग इथले भरून घेऊ," तुंगक म्हणाला. "चिखल उपसला की निघेल अजून. कापडातून गाळून घ्यायचे."

"निघेल," संवर म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. "पण मग इथे काही उरणार नाही. एक हरीण न्यायला सगळे तळे न्यावे लागेल, महाराज. त्यापायी ही जी जनावरे उभी आहेत, ती संध्याकाळपर्यंतही उभी राहणार नाहीत. आणि एवढे करूनही हा चिखल पिऊन माणसे धड घरी पोहोचतील की नाही, ते मला सांगता येत नाही. मला खात्री नाही. मला कशाचीच खात्री नाही. एवढेच दिसते की गेल्या वर्षी एक माणूस इथे न पोहोचता मेला, आणि त्याच्या शिंक्यात असाच धोंडा होता."

पिंगलाने शिंक्यातला धोंडा दोन्ही हातांनी उचलला आणि राजाच्या पायांशी आणून ठेवला.

राजा त्या धोंड्याकडे पाहत राहिला. खळग्यापाशी म्हातारी नीलगाय आता पुढे आली होती आणि पाणी भरण्याची वाट पाहत होती. राजाने बाण भात्यात घातला.

"धोंडे टाका," तो म्हणाला. "इथल्या पाण्याला कोणी हात लावायचा नाही. निघा."

परतीच्या वाटेवर संवराने किती वेळा मागे वळून माणसे मोजली, त्याला गणती नाही. एकदा एक कमी भरला. तो घाबरून पुन्हा मोजू लागला, तेव्हा पिंगल म्हणाला, "अमात्य, स्वतःलाही मोजणीत धरा." राजा हत्तीवरून उतरून चालू लागला. आपल्या वाट्याच्या पाण्यातला अर्धा घोट त्याने तुंगकाला दिला, कारण तुंगकालाच सगळ्यांत आधी चक्कर आली. सगळे विहिरीपर्यंत पोहोचले. सगळे नगरीपर्यंत पोहोचले. वेशीत वेणुका उभी होती. तिने भावाला पाहिले आणि तोंडाला पदर लावून भिंतीला टेकली.

व्याह्यांना त्या रात्री भात, वरण आणि भाज्या वाढल्या. ते कुरकुरले, दोनदा जेवले आणि लग्न झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी संवर अंगणात आला आणि धोंड्यांच्या राशीतला सगळ्यांत मोठा धोंडा शोधू लागला.

राजा धावत आला. "अमात्य, हे काय? चूक माझी होती."

"शब्द माझा होता, महाराज. आणि तुम्ही रिकाम्या हाताने परतलात, हे खरे आहे."

त्याने धोंडा शिंक्यात घातला, दांडी खांद्यावर घेतली आणि उठू लागला. कावड उठेना. एक शिंके जमिनीला चिकटलेले, दुसरे हवेत लोंबकळणारे. तो पुन्हा वाकला. बघ्यांतून कोणीतरी ओरडले, "अमात्यांचे हरीण लई जड!" हशा पिकला.

तेव्हा वेणुका गर्दीतून पुढे आली. तिच्या कडेवर भरलेली घागर होती. तिने ती रिकाम्या शिंक्यात ठेवली, दोर नीट केला आणि म्हणाली, "आता उठा."

कावड उठली.

संवराने नगराला फेरी मारली. त्याचा खांदा सोलला. अर्ध्या वाटेवर हसणे थांबले होते, आणि कावडवाले न बोलता त्याच्या मागून चालत होते. अरण्याच्या दिशेच्या वेशीत त्याने कावड उतरवली. राजा तिथे आधीच येऊन थांबला होता. त्याने स्वतः धोंडा काढून वेशीच्या सावलीत ठेवला आणि त्याच्यावर वेणुकेची घागर बसवली. त्या दिवसापासून तिथे पाणपोई झाली. उन्हाळ्यात शिकार बंद झाली, आणि अरण्यात जाणाऱ्या कावडीच्या मागच्या शिंक्यात पाणी न्यावे अशी रीत पडली.

त्या संध्याकाळी राजाने विचारले, "अमात्य, तळ्याशी तुमचा आवाज कापत होता. तुम्हाला माझी भीती वाटत होती का?"

"वाटत होती, महाराज. तुमची, पाण्याची, स्वतःच्या हिशेबाची. निघण्याआधीपासून वाटत होती. त्या घागरी मी भीतीनेच भरल्या होत्या."

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली, त्याचे निमित्त असे झाले. उत्पल नावाचा एक वृद्ध भिक्षू चारिकेला, म्हणजे गावोगावच्या पायी फेरीला, निघताना आपले गाठोडे पुन्हा पुन्हा सोडून बांधत होता, आणि सुभग नावाचा भिक्षू त्याची थट्टा करीत होता. शास्त्याने गाठोडे उघडायला सांगितले. त्यात उत्पलाचे स्वतःचे असे अंगावर घ्यायचे चीवर आणि भिक्षेचे पात्र एवढेच निघाले. बाकी सगळी वाटेत आजारी पडणाऱ्यांसाठी घेतलेली औषधे होती. सुभगाने मान खाली घातली.

कथा संपवून शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हा कावडीपाशी हसणारा तुंगक म्हणजे आजचा हा सुभग. पानांखाली धोंडे ठेवणारा आणि पुढे वाटभर चालत आलेला राजा शतरथ म्हणजे हा उत्पल. तो दिवस त्याच्या मनातून अजून गेलेला नाही. वेणुका म्हणजे विहाराच्या दारात रोज पाणी भरून ठेवणारी उपासिका चंपका. तिचा भाऊ पिंगल म्हणजे तिचाच आजचा भाऊ. आणि अमात्य संवर मीच होतो. मन अस्वस्थ होतेच. ते कोणासाठी अस्वस्थ होते, हे पाहावे. दुसऱ्याच्या तहानेने जे अस्वस्थ होते आणि उठून घागर भरते, त्याला करुणा म्हणतात."

उत्पलाने गाठोडे पुन्हा बांधले. या वेळी सुभगाने ते उचलून आपल्या खांद्यावर घेतले.