कोरफडपरीची तिसरी अट

लाल-पिवळ्या बोंडांनी लगडलेल्या काजूबागांच्या पलीकडे एक इवलंसं गाव होतं. तिथे आबोली नावाची इवलीशी मुलगी राहायची. घरात ती आणि आई, दोघीच. आई कारखान्यात काजूच्या बिया फोडायची. काजूच्या टरफलात फार जहाल तेल असतं बरं का! ते लागून लागून आईचे हात काळे पडले होते, कातडी सोलत होती, आणि आता तर मूठही मिटेना. मूठ मिटली नाही तर बी कशी फोडणार? आणि बी फोडली नाही तर चूल कशी पेटणार?

आबोली गुणाची पोर. मुंगीवरसुद्धा पाय पडू नये म्हणून उड्या मारत चालायची. पण त्या दिवशी ती डबा विसरली आणि आई तो घेऊन शाळेत आली. आईचे हात बघून शेजारी बसणारी सुलभा कुजबुजली, "ई, कोण गो ती?"

"आमच्या शेजारची काकू," आबोली पटकन बोलून गेली.

आई दोन पावलांवरच होती. तिनं डबा पायरीवर ठेवला आणि निघून गेली.

आबोलीचे कान गरम झाले. डबा तिनं उघडलाच नाही. शाळा सुटली तरी घरी जायला पाय उचलेनात. कुठल्या तोंडानं जाणार? ती बागेतल्या विहिरीपाशी जाऊन बसली. तिथे कुणीतरी उपटून फेकलेलं कोरफडीचं रोप उन्हात वाळत पडलं होतं. तिला त्याची दया आली. तिनं बोटांनी खड्डा केला, रोप लावलं आणि ओंजळीनं पाणी घातलं.

तोच पानांच्या मधोमध लुकलुक झाली! हिरवागार परकर, काठाला काटेरी नक्षी, पंखांवर दवाचे टिपूस, अशी बोटाएवढी परी बाहेर आली.

"तू मला जगवलंस," परी म्हणाली. "एक इच्छा माग."

"माझ्या आईचे हात छान करा."

"तिचं दुखणं जावं म्हणून, की तुला लाज वाटू नये म्हणून?"

आबोलीनं मान खाली घातली. खोटं एकदा बोलून झालं होतं, पुन्हा बोलवेना. "मला लाज वाटू नये म्हणून," ती हळूच म्हणाली आणि रडायला लागली.

परीनं तिला पोटभर रडू दिलं. मग म्हणाली, "माझ्या पानातला गर आईच्या हातांना लाव. पण माझ्या तीन अटी आहेत. बाहेरचं जून पान घे, मधलं कोवळं तोडू नको. कापलेलं पान उभं करून ठेव, पिवळा चीक सगळा गळून जाऊ दे, कारण त्यानं कातडीला खाज सुटते. आणि गर लावण्याआधी, जिला दुखावलंस तिला ते सांग."

पहिल्या दोन अटी आबोलीनं अगदी शहाण्यासारख्या पाळल्या. पान वाटीत उभं केलं, चीक थेंब थेंब गळेपर्यंत ती हलली नाही. मग पान धुतलं, सोललं आणि काचेसारखा गर काढला. आई कामावरून आली.

"आई, हात दे. कोरफड लावते," ती म्हणाली. शाळेतलं मात्र तिनं सांगितलं नाही.

गर पाण्यासारखा ओघळून जमिनीवर सांडला. पुन्हा लावला, पुन्हा ओघळला. वाटीत आता चमचाभरच उरला होता.

आबोलीनं वाटी खाली ठेवली. "आई, मी तुला शेजारची काकू म्हटलं. मला तुझ्या हातांची लाज वाटली."

"मी ऐकलं होतं गो बाय," आई म्हणाली. "म्हटलं, आपण उगाच गेलो. पोरीला खाली बघायला लावलं."

हे ऐकून आबोलीला जी लाज वाटली, ती आधीच्या लाजेहून कितीतरी मोठी होती. तिनं आधी आईच्या मनगटावर थोडासा गर लावून बघितला. खाज आली नाही. मग तिनं भेगांवर गर लावला. या वेळी गर तिथेच राहिला, गारेगार, चमचमता. चमचाभर गर दोन्ही हातांना पुरून उरला! सकाळी भेगा मिटल्या होत्या आणि आईची मूठ घट्ट मिटत होती. काळा रंग मात्र तसाच होता.

त्या दिवशी कामावर जाताना आई आबोलीसोबत शाळेच्या फाटकापर्यंत आली. सुलभा आणि इतर पोरी दिसताच तिनं हात पदराखाली घेतले. आबोलीनं तिचा हात धरून बाहेर काढला.

"सुलभा, काल मी खोटं बोलले," ती म्हणाली. "ही माझी आई आहे."

फाटकावर हिरवा-सोनेरी उजेड झाला. त्यात तीच इवलीशी परी हसली आणि उजेडातच विरघळून गेली. पण आबोलीचं तिकडे लक्षच नव्हतं. आईनं मूठ मिटून तिची बोटं घट्ट धरली होती.